क्रियापद त्याच्या वाक्यासकट शिकवा

प्रति,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे, आणि
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे,
येथील इंग्रजी विषयाचे सर्व सदस्य यांस,



महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले त्याला आता दोन तपांहून अधिक काळ लोटला. मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीला बसतो तेव्हा त्याच्या गाठीशी इंग्रजीची दहा वर्षे असतात. तरीही काही वाक्ये त्याच्या उत्तरपत्रिकेत हमखास सापडतात: ‘ही टोल्ड दॅट ही वॉज इल’, ‘शी सेड मी’, ‘प्लीज एक्स्प्लेन मी’, ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’, ‘ही डिनाइड टु कम’. पुढे हाच विद्यार्थी कारकून, वार्ताहर, अभियंता किंवा वकील होतो आणि ही वाक्ये त्याच्यासोबत कार्यालयीन पत्रांत, इतिवृत्तांत, बातम्यांत जातात. वरवर पाहता या सुट्या सुट्या चुका वाटतात, पण त्यांचे कूळ एकच आहे. कोणी काय म्हटले, कोणी कोणाला काय सांगितले, कोणी काय नाकारले, हे दुसऱ्यापर्यंत पोचवणारी ही सारी क्रियापदे आहेत. माझे म्हणणे असे की या चुका मुलांच्या हलगर्जीपणातून येत नाहीत. आपण ही क्रियापदे ज्या पद्धतीने शिकवतो आणि तपासतो, तिच्यातूनच त्या निघतात. आपण क्रियापदाचा मराठी अर्थ देतो, पण ते क्रियापद आपल्यामागे काय मागते ते देत नाही. ही पद्धत बदलावी, एवढ्याचसाठी हे पत्र.

आधी चार नित्याची क्रियापदे पाहू: ‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’ आणि ‘टॉक’. सराव पुस्तकांत त्यांच्यापुढे अनुक्रमे म्हणणे, सांगणे, बोलणे आणि पुन्हा बोलणे असे अर्थ लिहिलेले असतात. अर्थ चुकीचे नाहीत, पण त्यांवरून एकही वाक्य बिनचूक लिहिता येत नाही. ‘से’ला हवे असतात ते उच्चारलेले शब्द. ते आधी आले पाहिजेत. ऐकणारा सांगायचाच असेल तर तो ‘टु’चा हात धरून येतो. म्हणून ‘ही सेड दॅट’ बरोबर, ‘ही सेड टु मी’ बरोबर, ‘ही सेड मी’ चूक. ‘टेल’चे नेमके उलटे आहे. त्याला आधी ऐकणारा हवा आणि तो थेट हवा, मध्ये ‘टु’ नको. ‘ही टोल्ड मी दॅट’ बरोबर. ‘ही टोल्ड दॅट’ आणि ‘ही टोल्ड टु मी’ दोन्ही चूक. गोष्ट, विनोद, खरे, खोटे, वेळ अशी मोजकी नामे आली तरच ‘टेल’ ऐकणाऱ्यावाचून चालते: ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’, ‘टेल द टाइम’. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ यांना सांगितलेला मजकूर मुळी जोडताच येत नाही. ‘ही स्पोक दॅट’ किंवा ‘ही टॉक्ड दॅट’ असे इंग्रजीत होत नाही. ‘स्पीक’ भाषेचे नाव थेट घेते, थोडे औपचारिक असते आणि व्यासपीठावरून एकानेच बोलण्याला शोभते. ‘टॉक’मध्ये दोघांचे बोलणे, गप्पा, चर्चा येते. चौघांतला फरक अर्थाचा थोडा आणि बांधणीचा फार आहे. आपण मात्र फक्त अर्थ पाठ करून घेतो.

आता या चुका मराठी मुलाच्या हातून नेमक्या याच जागी का होतात ते पाहू. मराठीत ‘त्याने सांगितलं की तो आजारी आहे’ हे पूर्ण वाक्य आहे. कोणाला सांगितले ते संदर्भाने कळत असेल तर मराठी ते खुशाल गाळते. जे उघड आहे ते न बोलणे हा आपल्या भाषेचा स्वभावच आहे. हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले की ‘ही टोल्ड दॅट’ तयार होते. ‘तो मला म्हणाला’मध्ये ‘मला’ थेट येतो, म्हणून ‘ही सेड मी’. ‘मला समजावून सांग’, ‘मला एखादं पुस्तक सुचव’ यांतला ‘मला’ही तसाच थेट, म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी अ बुक’. आपण एखाद्या विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ चिकटतो. आपण ‘खोटं बोलू नको’ म्हणतो, म्हणून ‘डोन्ट स्पीक लाइज’. मराठीत गाणे, पाढे, कविता आणि प्रार्थना सगळे ‘म्हणतात’. इंग्रजीत त्यांपैकी प्रार्थनेला ‘से’ चालते, कवितेला ‘रिसाइट’ लागते आणि गाण्याला ‘सिंग’. यातली एकही चूक अडाणीपणाची नाही. प्रत्येक चुकीच्या मागे एक बिनचूक मराठी वाक्य उभे आहे. मूल आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळते. दुसऱ्या भाषेचा नियम वेगळा आहे हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

यावर काही जण सुचवतील की मग इंग्रजीच्या तासाला मराठीला मज्जावच करावा. मला नेमके उलटे वाटते. या प्रकरणात मराठी हीच शिक्षकाच्या हातातली सर्वांत मोठी सोय आहे. बोलण्याचे प्रत्येक क्रियापद आपली स्वतंत्र बांधणी घेऊन येते, हे तत्त्व मराठी मुलाला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच येत असते. ते ‘तो म्हणाला’ म्हणते पण ‘त्याने सांगितलं’ म्हणते. ‘तो सांगितला’ असे चुकूनही म्हणत नाही. ‘तो बोलला’ आणि ‘त्याने विचारलं’ हा भेदही ते विनासायास पाळते. ऐकणाऱ्याच्या बाबतीत तर मराठीचा थाट आणखी मोठा आहे. आपण एखाद्याला सांगतो, त्याच्याशी बोलतो, त्याच्याकडे चौकशी करतो, त्याच्याजवळ कबुली देतो आणि त्याच्यावर आरोप करतो. ला, शी, कडे, जवळ, वर: क्रियापद बदलले की प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय बदलते, आणि त्यात सहा वर्षांचे मूलही चुकत नाही. शिक्षकाने फळ्यावर ही पाच वाक्ये लिहून विचारावे, ‘तुम्ही त्याच्याशी सांगितलं असं म्हणता का? का नाही म्हणत?’ मुले हसतील, आणि त्या हसण्यातून त्यांना कळेल की इंग्रजीतले ‘सेड मी’ इंग्रजांच्या कानाला तसेच लागते. जिथे दोन्ही भाषा जुळतात तिथे तेही दाखवावे. ‘मला थांबायला सांगितलं’ आणि ‘टोल्ड मी टु वेट’ यांत सांगणे व ‘टेल’ दोघेही आज्ञेचे काम करतात. गोष्ट दोन्हीकडे सांगितलीच जाते. आणि मराठीत ‘खोटं बोलणे’बरोबर ‘खोटं सांगणे’ही आहे, त्याच्यावरून ‘टेल अ लाय’ सहज लक्षात राहते.

क्रियापद बांधणीसकट शिकवण्याची कल्पना माझी नाही, नवीही नाही. हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी हे दोन इंग्रज शिक्षक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या कामात होते. ज्यांची मातृभाषा इंग्रजीपासून रचनेने फार दूर आहे अशा विद्यार्थ्यांना काय अडते, हे त्यांनी जवळून पाहिले. त्यातून हॉर्नबींचा शब्दकोश १९४२ साली टोकियोत निघाला. आज ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जगभर वापरला जातो तो त्याच कोशाचा वंशज. त्या कोशाचे वेगळेपण असे की क्रियापदाच्या अर्थाबरोबर ते कोणत्या रचनेत बसते तेही दिलेले होते. १९५४ साली हॉर्नबींनी इंग्रजीतल्या रचनांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि क्रियापदांचे पंचवीस साचे मांडले. परक्या भाषेचा विद्यार्थी ‘टेल मी’, ‘शो मी’ ऐकतो आणि त्याच सवयीने ‘एक्स्प्लेन मी’ म्हणतो, हे त्यांनी तिथे स्पष्ट केले. शब्दाचा अर्थ कळला म्हणून शब्द वापरता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली संगणकावर लाखो शब्दांचा प्रत्यक्ष वापर तपासून १९८७ साली ‘कोबिल्ड’ कोश निघाला. त्यातून निघालेला निष्कर्षही त्याच दिशेचा होता: इंग्रजीत अर्थ आणि रचना एकमेकांना धरून चालतात, आणि एकाच साच्यात बसणाऱ्या क्रियापदांचे अर्थही बहुधा एकमेकांच्या जवळचे असतात. म्हणजे साचा शिकला की एकेक शब्द सुटा पाठ करावा लागत नाही, त्याचा गटच हाती लागतो.

हा गटाचा फायदा बोलण्याच्या क्रियापदांत सर्वाधिक आहे. ‘इन्फॉर्म’, ‘रिमाइंड’, ‘अ‍ॅश्युअर’, ‘वॉर्न’, ‘कन्व्हिन्स’ ही मंडळी ‘टेल’च्या गोत्रातली, त्यांना ऐकणारा लगेच आणि थेट लागतो. त्यातला फक्त ‘वॉर्न’ कधी ऐकणाऱ्यावाचून निभावून नेतो. ‘द मिनिस्टर इन्फॉर्म्ड दॅट’ हे वाक्य आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत वारंवार दिसते. ते अडते ते नेमके याच कारणाने: मंत्र्यांनी कोणाला कळवले ते तिथे नाही. ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘मेन्शन’, ‘अनाउन्स’, ‘अ‍ॅडमिट’, ‘पॉइंट आउट’ ही ‘से’च्या गोत्रातली, मजकूर आधी, ऐकणारा आलाच तर ‘टु’सह मागून. ‘डिस्कस’ या दोन्हींपासून वेगळे. ते विषय थेट घेते आणि मध्ये काही येऊ देत नाही. मग ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ ही जोडी येते. मराठीत आपण दोन्हीला ‘नाही म्हणाला’ किंवा ‘नाकारले’ म्हणतो, म्हणून मुलाला ते एकच वाटतात. पण ‘रिफ्यूज’ म्हणजे पुढची गोष्ट करायला नकार, आणि त्याच्यामागे ‘टु’ येते. ‘डिनाय’ म्हणजे झालेली किंवा झाली असे म्हटलेली गोष्ट खरी नाही असे सांगणे, आणि त्याच्यामागे ‘दॅट’ किंवा ‘आयएनजी’ येते. ‘ही रिफ्यूज्ड टु पे’ म्हणजे त्याने पैसे द्यायला नकार दिला. ‘ही डिनाइड पेइंग’ म्हणजे पैसे दिल्याचेच त्याने नाकारले. एकात पैसे द्यायचे आहेत, दुसऱ्यात दिले की नाही याचा वाद आहे. ‘डिनाइड टु पे’ लिहिणाऱ्याला यातले काय म्हणायचे होते, हे वाचणाऱ्याने ताडत बसावे लागते.

अशा वेळी आपली परीक्षा काय तपासते? ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’च्या परंपरेत मुलाला अवतरणचिन्हांतले एक सुटे वाक्य मिळते आणि त्याचे ‘इनडायरेक्ट स्पीच’ करायचे असते. त्यासाठी गाईडे आणि क्लासच्या नोट्स नियमांची साखळी देतात: ‘सेड टु’चे ‘टोल्ड’ करा, प्रश्न असेल तर ‘आस्क्ड’, आज्ञा असेल तर ‘ऑर्डर्ड’, विनंती असेल तर ‘रिक्वेस्टेड’, ‘नाउ’चे ‘देन’ आणि ‘टुमारो’चे ‘द नेक्स्ट डे’. उद्गारवाचक वाक्य आले की ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’ किंवा ‘एक्स्क्लेम्ड विथ सॉरो’. या साखळीत दोन दोष आहेत. पहिला असा की ती कारण सांगत नाही. ‘सेड टु’चे ‘टोल्ड’ होते तेव्हा ‘टु’ गळतो, तो का गळतो हे मुलाला कधी कळत नाही. त्यामुळे स्वतःचे वाक्य लिहिताना ते ‘टोल्ड टु’ लिहिते, नाही तर ऐकणाराच गाळते. नियम पाठ असतो आणि चूकही पक्की असते. दुसरा दोष मोठा. जगात कोणी कोणाचे वाक्य असे यंत्रासारखे फिरवत नाही. दुसऱ्याचे बोलणे आपण पोचवतो तेव्हा आपण निवडतो, गाळतो, आटोपतो. ‘फार उपकार झाले तुमचे, तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं’ हे बोलणे इंग्रजीत ‘ही थँक्ड मी’ एवढ्यातच येते. माफी मागितली तर ‘अपॉलजाइज्ड’, शब्द दिला तर ‘प्रॉमिस्ड’, अभिनंदन केले तर ‘कंग्रॅच्युलेटेड’. बोलणाऱ्याने त्या शब्दांनी काय केले, ते एका क्रियापदात पकडणे हे खरे कौशल्य आहे. ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’ परीक्षेबाहेर कोणी लिहीत नाही, आणि तरी आपल्या किती पिढ्यांनी ते पाठ केले आहे.

काळ बदलण्याचा सराव निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. मराठीत आपण ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असे मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ आणि त्याचा वर्तमानकाळ तसाच ठेवून बोलतो. इंग्रजीत ‘मी’चा ‘तो’ करावा लागतो आणि बहुधा काळही मागे न्यावा लागतो. तो सराव हवाच. पण त्यासाठी वाक्याला ओळीने साऱ्या यंत्रांतून काढण्याची गरज नाही. एखादा खरा संवाद देऊन ‘हे बोलणे जो तिथे नव्हता त्याला कळवा’ एवढे म्हटले तरी काळ, सर्वनाम आणि क्रियापद तिन्ही एका दमात तपासता येतात.

निवडीचा प्रश्न केवळ शुद्धतेचा नाही, सत्याचाही आहे. समजा ग्रामसभेत सरपंच म्हणाले, ‘टँकर सोमवारपासून बंद आहे.’ हे इंग्रजीत कळवायचे आहे. ‘द सरपंच सेड’ लिहिले तर तुम्ही फक्त त्यांचे म्हणणे पोचवले. ‘टोल्ड द व्हिलेजर्स’ लिहिले तर कोणाला सांगितले तेही नोंदले. ‘अनाउन्स्ड’ म्हटले की तो जाहीर केलेला निर्णय झाला. ‘अ‍ॅडमिटेड’ म्हटले की यात काहीतरी चुकले होते, ते लपवले होते आणि आता कबूल करावे लागले, असा भाव आला. ‘क्लेम्ड’ म्हटले की वाचणारा शंकेने पाहू लागला, टँकर खरोखर बंद आहे का? ‘पॉइंटेड आउट’ म्हटले की लिहिणाऱ्याने त्यांच्या म्हणण्याच्या खरेपणावर स्वतःची मोहोर उठवली. ‘कम्प्लेन्ड’ म्हटले की दोष दुसऱ्याच्या दारी गेला. सरपंचांचे शब्द सातही वेळा तेच होते. बदलला तो केवळ लिहिणारा त्यांच्याकडे कसा पाहतो तो भाग, आणि तो एका क्रियापदाने बदलला. म्हणून जबाबदार वृत्तपत्रांत साध्या ‘सेड’ला मान असतो, ते तटस्थ असते. अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ साली लेखनाचे दहा नियम लिहिले, त्यात संवादासाठी ‘सेड’शिवाय दुसरे क्रियापद वापरूच नका असा एक नियम होता. आपल्याकडे मात्र निबंध ‘उठावदार’ व्हावा म्हणून ‘सेड’च्या जागी जमेल ते भारदस्त क्रियापद घालण्याचा सल्ला दिला जातो. मूल ‘अ‍ॅसर्टेड’ आणि ‘क्लेम्ड’ हे ‘सेड’चे समानार्थी शब्द म्हणून पाठ करते. ते समानार्थी नाहीत. शब्दसंपत्ती वाढावी, पण प्रत्येक शब्द आपल्यासोबत कोणता निवाडा घेऊन येतो हे कळल्यावरच.

हा बारकावा कुठे जिवावर बेतू शकतो याचे उदाहरण लांब शोधायला नको. महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत साक्षीदार मराठीत बोलतो. खटला उच्च न्यायालयात गेला की घटनेच्या कलम ३४८ नुसार तिथले कामकाज इंग्रजीत चालते, आणि मराठी जबाबाचे इंग्रजी भाषांतर न्यायाधीशांपुढे जाते. साक्षीदाराने ‘सांगितलं’ म्हटले असेल तर ते ‘स्टेटेड’ होईल, ‘टोल्ड’ होईल की ‘अ‍ॅडमिटेड’, हे भाषांतर करणाऱ्याच्या हाती असते. कायद्यात ‘अ‍ॅडमिशन’ आणि ‘कन्फेशन’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरला जात नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आले आहे. जिथे शब्दाशब्दाला असे वजन आहे तिथे ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने कबूल केलं’ यांची गल्लत परवडणारी नाही. हे भाषांतर करणारे लोक आपल्याच शाळांतून शिकून येतात. त्यांना ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ यांतला फरक दहावीला शिकवला गेला नाही तर तो पुढे कोण शिकवणार?

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप असा की भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र इंग्रजी आहे, इंग्रजांच्या सवयी आपण का पाळाव्यात? या आक्षेपाचा मला आदर आहे. ‘प्रीपोन’सारखा शब्द भारतात रुजला, तो उपयोगी आहे, त्याला हसणाऱ्यांच्या मताला मी किंमत देत नाही. ‘डिस्कस अबाउट’ तर आफ्रिका आणि आशियातल्या कित्येक देशांत बोलले जाते. उद्या ते प्रमाण ठरले तर माझी तक्रार नसेल. बोलताना अशी वाक्ये आली म्हणून मुलाला वर्गात खजील करणे हे तर निव्वळ वाईट शिक्षण आहे. पण भाषा बदलते याचा अर्थ बदल न कळता घडू द्यावा असा नाही. ज्याला दोन्ही रचना माहीत आहेत तो निवड करतो. ज्याला एकच माहीत आहे त्याच्यापाशी निवड नसते. इंग्रजी माध्यमातल्या महागड्या शाळेतले मूल ‘टोल्ड मी दॅट’ घरी-दारी कानावर पडून शिकते. मराठी माध्यमाच्या मुलाला ते फक्त वर्गातच मिळू शकते, आणि मुलाखतीत, अर्जात, स्पर्धा परीक्षेत त्याला मोजणारे लोक ‘भारतीय इंग्रजी’चा विचार करत बसत नाहीत. मोकळीक द्यायची तर ज्ञान देऊन द्यावी. शिवाय ‘डिनाइड टु पे’सारख्या जागी प्रश्न पोशाखी शुद्धतेचा उरतच नाही, तिथे अर्थच सांडतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो व्यवहाराचा आहे. वर्गात साठ-सत्तर मुले, अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई, अशैक्षणिक कामांचा बोजा, त्यात हे नवे कुठे बसवायचे? माझे उत्तर असे की यात काही वाढवायचे नाही, बदलायचे आहे. शब्दार्थांच्या यादीत ‘एक्स्प्लेन’ म्हणजे समजावून सांगणे एवढे छापण्याऐवजी ‘एक्स्प्लेन समथिंग टु समबडी’ असे छापले की काम झाले. ‘टेल समबडी समथिंग’, ‘इन्फॉर्म समबडी दॅट’, ‘रिफ्यूज टु डू’, ‘डिनाय डूइंग’: प्रत्येक नोंदीला दोन-तीन शब्द अधिक. उलट ‘इनडायरेक्ट स्पीच’च्या नियमांची लांबलचक साखळी यामुळे कमीच होईल. क्रियापदाचा साचा माहीत असलेल्या मुलाला ‘टु’ केव्हा गाळायचा याचा वेगळा नियम लागत नाही.

तिसरा आक्षेप तपासणीचा. वाक्य फिरवण्याचे उत्तर एकच असते, म्हणून हजारो उत्तरपत्रिका सारख्या तपासता येतात. निवडीच्या प्रश्नाला अनेक उत्तरे येतील. ही अडचण खरी आहे, पण सुटणारी आहे. रिकाम्या जागेनंतर ‘द व्हिलेजर्स दॅट’ असे शब्द छापून ‘सेड, टोल्ड, एक्स्प्लेन्ड, स्पोक’ असे चार पर्याय दिले, तर बसणारा पर्याय एकच उरतो, कारण रचनाच बाकीच्यांना बाहेर काढते. पुढची पायरी म्हणून सरपंचांच्या वाक्यासारखा एखादा प्रसंग देऊन ‘सरपंचांनी चूक मान्य केली असे दाखवायचे असेल तर कोणते क्रियापद घ्याल?’ असे विचारता येते. त्याचेही उत्तर ठरलेलेच असेल आणि तरीही ते पाठांतराने देता येणार नाही.

चौथा आक्षेप अगदी अलीकडचा. मोबाइल आणि संगणक आता चुका आपोआप दुरुस्त करतात, मग मुलाला त्रास कशाला? ‘टोल्ड दॅट’खाली यंत्र रेघ ओढेल हे खरे. पण सरपंचांनी कबुली दिली, दावा केला की नुसते सांगितले, हे यंत्राला माहीत नाही. सभेत तुम्ही होतात, ते नव्हते. ‘क्लेम्ड’ लिहा की ‘अ‍ॅडमिटेड’, व्याकरण दोन्ही वेळा बिनचूक असते आणि यंत्र गप्प राहते. दुसऱ्याच्या तोंडी काय घालायचे याची जबाबदारी शेवटी लिहिणाऱ्याचीच उरते. म्हणून साधने जितकी वाढतील तितकी ही जाण अधिक लागेल.

तेव्हा आपल्याकडे माझ्या मागण्या चार आहेत. पाठ्यपुस्तकांतल्या शब्दार्थांत बोलण्याची, कळवण्याची, कबूल करण्याची आणि नाकारण्याची क्रियापदे त्यांच्या बांधणीसह द्यावीत. शिक्षक प्रशिक्षणात या क्रियापदांची मराठीशी उघड तुलना करायला शिकवावे, आणि इंग्रजीच्या तासाला मराठी वापरण्यात कमीपणा मानू नये. प्रश्नपत्रिकेत सुट्या वाक्याचे रूपांतर हळूहळू मागे घेऊन त्याजागी छोटा संवाद किंवा प्रसंग कळवण्याचा प्रश्न आणावा. आणि उत्तरपत्रिका तपासताना आशय बरोबर असलेल्या मुलाचे सारे गुण केवळ ‘टु’साठी कापू नयेत, चूक दाखवावी, पण तिच्यापायी मुलाचे तोंड बंद होऊ देऊ नये. यातल्या कोणत्याही गोष्टीला नवा विषय, नवे पुस्तक किंवा वेगळा निधी लागत नाही. पुढच्या वेळी पाठ्यपुस्तके नव्याने बांधली जातील तेव्हा शब्दार्थांच्या पानापासून सुरुवात केली तरी पुरे. दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाला दुसऱ्याचे बोलणे इमानाने आणि बिनचूक पोचवता आले पाहिजे, एवढी अपेक्षा त्याचे पालक आपल्याकडून नक्कीच करू शकतात. ती आपण पुरी करावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
इंग्रजी व मराठीचा एक अभ्यासक